जुन्या सह्यांचं पुढे काय?

(आपल्या १९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला आधी विषय दिला होता, 'एआय आणि आपली मुलं'. मी म्हटलं, सकाळी मिसळ खाऊन बसलेल्या माणसांना हा विषय दिला तर अर्धे झोपतील आणि उरलेले अर्धे घाबरतील. त्यापेक्षा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला जो प्रश्न वरचेवर येतो त्यावरच बोलते. प्रश्न असा असतो: "तू खेळाडूंच्या जुन्या सह्या जमवतेस ना? आमच्या माळ्यावर एक वही सापडली आहे. किती येतील तिचे?"

नोकरी सॉफ्टवेअरची आणि नाद जुन्या कागदांचा, असं माझं गेली पंधरा-सोळा वर्षं चाललं आहे. पुण्यात रविवारी जुन्या बाजारात, इथं आलं की रद्दीच्या दुकानात. त्यामुळे उत्तर देण्याइतपत अनुभव आहे. आणि उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना चहाला जायचं आहे त्यांना जाता येईल. बहुतेक वह्यांचे फारसे येत नाहीत. पैसे वाढवायचे असतील तर पोस्टातली ठेव बरी. पण काही सह्या अशा आहेत की त्यांचं मोल पुढे वाढेल, आणि त्यातल्या बऱ्याचशा मुंबईपेक्षा आपल्या कोल्हापुरात, आपल्याच घरांत पडून असण्याची शक्यता जास्त आहे.

आधी किंमत ठरते कशी ते बघू. आपल्याला वाटतं माणूस जितका मोठा तितकी त्याची सही महाग. तसं नसतं. डॉन ब्रॅडमनपेक्षा मोठं नाव क्रिकेटमध्ये कुठलं? पण ब्रॅडमन २००१ साली, ब्याण्णव वर्षांचे होऊन गेले, आणि निवृत्तीनंतरही वर्षानुवर्षं ते लोकांच्या पत्रांना उत्तरं देत होते, सह्या करून परत पाठवत होते. त्यामुळे त्यांच्या सह्या जगात भरपूर आहेत. नुसत्या कागदावरची ब्रॅडमनची सही दुर्मीळ मुळीच नाही. आपल्या सचिनचंही तेच. तो १९८९ पासून सह्या करतो आहे आणि, देव करो, अजून चाळीस वर्षं करेल. गुजरीत दुकान असलेल्या आपल्या मित्राला हे समजावून सांगायला नको. सोनं महाग आहे कारण ते सगळ्यांना हवं आहे आणि मिळतं थोडं. सहीलाही दोन्ही गोष्टी लागतात, हवी असणारी माणसं आणि कमी असलेला माल.

आणि तिसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे सहीचा सातबारा. ही सही कुणी घेतली, कधी, कुठं, कशावर, आणि तिथून ती तुमच्या हातात कशी आली. जमीन कितीही काळीभोर असली तरी सातबारा नसेल तर गिऱ्हाईक दहा पावलं मागं सरकतं. सहीचंही अगदी तसंच आहे, आणि आपण कोल्हापूरकर नेमके इथंच कमी पडतो. माणसं आपल्याकडं मोठी झाली, नोंदी मात्र झाल्या नाहीत.

आता आपल्या गावचंच उदाहरण घेते. भाऊसाहेब निंबाळकर. इथल्या ज्येष्ठांपैकी अनेकांनी त्यांना गावात पाहिलं असेल. जन्म कोल्हापूरचा, १२ डिसेंबर १९१९. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा रणजी सामना झाला. त्यात भाऊसाहेबांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ४९ चौकार आणि एक षटकार. दुसऱ्या विकेटसाठी के. व्ही. भांडारकरांबरोबर ४५५ धावांची भागीदारी झाली. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. ब्रॅडमनचा त्या वेळचा जागतिक विक्रम ४५२ चा होता, म्हणजे तो मोडायला फक्त दहा धावा हव्या होत्या. तेवढ्यात खेळ थांबला असताना काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही घरी जातो. आणि गेले की! सामना सोडून दिला, भाऊसाहेब ४४३ वरच राहिले. विरुद्ध संघ स्टेशनवर आणि फलंदाज पॅड बांधून मैदानावर, असा प्रकार क्रिकेटच्या इतिहासात क्वचितच घडला असेल.

या माणसाला भारताकडून अधिकृत कसोटी सामना एकदाही खेळायला मिळाला नाही. आजही रणजीतली ती सर्वांत मोठी खेळी आहे. प्रथम श्रेणीत चारशेच्या पुढं गेलेला दुसरा भारतीय झालेला नाही. आणि ते आपल्या गावात शांतपणे राहिले. ११ डिसेंबर २०१२ ला, त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर असताना, गेले.

आता बाजाराच्या नजरेनं बघा. कसोटी खेळलेल्यांच्या सह्या जमवणारे लोक ठरावीक यादी घेऊन बसलेले असतात. देशाच्या प्रत्येक कसोटीवीराची एक सही, असा त्यांचा पण असतो. त्या यादीत भाऊसाहेब नाहीत, म्हणून मागणी कमी. म्हणून त्यांच्या सह्या कुणी जपल्या नाहीत. पण विक्रमांच्या यादीत ते ब्रॅडमन, हनीफ, लारा यांच्या पंगतीत बसतात, आणि ती यादी जमवणारे लोक जगभर आहेत. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या अशा माणसाला लाराची सही सहज मिळते, निंबाळकरांची मिळत नाही. ती कुठं मिळेल? रंकाळ्याच्या आसपासच्या एखाद्या घरात, एखाद्या क्रिकेट शिबिराच्या प्रमाणपत्रावर, लग्नाच्या आहेराच्या यादीत, शाळेच्या अभिप्राय-वहीत. माझ्या अंदाजानं पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या भारतीय सह्यांचा भाव आजच्या मानानं सगळ्यात जास्त चढेल, त्यांत ही एक असेल. अंदाज आहे, हमी नाही. हमीवर मी फक्त सॉफ्टवेअर देते, आणि तेही लेखी करार वाचूनच!

असं सांगतात की ब्रॅडमननी पुढं निंबाळकरांना चिठ्ठी पाठवून, तुमची खेळी माझ्यापेक्षा सरस मानतो, असं कळवलं होतं. मी ती पाहिलेली नाही. पण विचार करा, ब्रॅडमनच्या शंभर सुट्या सह्या एका पारड्यात आणि ती एक चिठ्ठी दुसऱ्या पारड्यात टाकली, तर जमवणारा माणूस कुठलं पारडं उचलेल? सहीच्या वर काय लिहिलं आहे, कुणाला लिहिलं आहे, याला सहीपेक्षा जास्त भाव असतो. म्हणून घरात एखाद्या खेळाडूचं साधं पोस्टकार्ड असेल, "आपले पत्र मिळाले, मुलांना आशीर्वाद" एवढंच लिहिलेलं, तरी ते फुलीफुलीच्या सहीवहीतल्या पानापेक्षा वरचढ समजा.

दुसरं नाव अर्थातच खाशाबा जाधव. गोळेश्वरचे, पण घडले आपल्या राजाराम कॉलेजात आणि इथल्या तालमीत. १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आपल्याला पी.टी.च्या तासाला सरांनी इतक्यांदा सांगितली आहे की ती परीक्षेत आली असती तर सगळ्यांना पैकीच्या पैकी पडले असते.

खाशाबांची सही कुणाकडं असेल? १९५२ साली पैलवानाची सही घ्यायची आपल्याकडं पद्धतच नव्हती. पैलवानाबरोबर फोटो काढायचा, तोही फेटा बांधून, गदा घेऊन, स्टुडिओत. सही घ्यायची ती सिनेनटाची किंवा क्रिकेटपटूची. त्यामुळे सहीवह्यांमध्ये खाशाबा शोधणं जवळजवळ व्यर्थ आहे. पण १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले आणि सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. पोलीस अधिकाऱ्याला रोज किती सह्या कराव्या लागतात हे इथं बसलेल्या आपल्या खात्यातल्या दोघा मित्रांना विचारा. म्हणजे भारताच्या पहिल्या वैयक्तिक पदकविजेत्याच्या सह्या असतील तर त्या क्रीडाप्रेमींच्या वह्यांपेक्षा जास्त असतील दाखल्यांवर, शिफारसपत्रांवर, एखाद्या हवालदाराच्या चांगल्या वर्तणुकीच्या प्रमाणपत्रावर. तुमच्या आजोबांची नोकरी मुंबईच्या पोलीस खात्यात झाली असेल तर त्यांच्या निवृत्तीच्या कागदांची पिशवी एकदा उघडून बघा. (सरकारी फाइल मात्र कुणी उचलून आणू नका. ती सरकारची मालमत्ता आहे, आणि मग सही तुमची घेतली जाईल, जबाबावर.)

आणि इथंच खोट्याचा धंदा सुरू होतो. मागं एका विक्रेत्यानं मला खाशाबांचा सही केलेला फोटो दाखवला. किंमत चांगलीच सांगितली. फोटो झकास, सही झोकदार, निळ्या जेल पेननं केलेली. आता जेल पेन जपानमध्ये बाजारात आलं तेच १९८४ साली, आणि खाशाबा त्याच वर्षी १४ ऑगस्टला अपघातात गेले. जेल पेन आपल्याकडं पोचायला त्यानंतर कित्येक वर्षं लागली. आपण दहावीत असताना एखाद्याच्या कंपासपेटीत ते दिसलं की सगळा वर्ग गोळा व्हायचा. मी विक्रेत्याला एवढंच म्हटलं, की पैलवान वरून येऊन सही करून गेले वाटतं. त्यानं फोटो परत पाकिटात घातला.

अमेरिकेत हा धंदा किती मोठा होता याची एक गंमत सांगते. तिथल्या एफबीआयनं १९९० च्या दशकाच्या शेवटी खेळाडूंच्या खोट्या सह्यांची एक मोठी टोळी पकडली. 'ऑपरेशन बुलपेन' त्या मोहिमेचं नाव. बाजारातल्या सह्यांपैकी निम्म्याहून अधिक खोट्या असाव्यात असा त्या वेळी अंदाज होता. जप्त मालात बेसबॉलचे चेंडू होते, आणि त्यातल्या काहींवर सही होती मदर तेरेसांची. हसू नका, असे चेंडू घेणारं गिऱ्हाईक असल्याशिवाय कुणी ते बनवतं का?

खरं-खोटं ओळखायला सगळ्यांना जमेल असं एक साधन आहे, सराफाचं दहापट मोठं दाखवणारं भिंग. छापलेल्या सहीत त्यातून बारीक ठिपके दिसतात. मशीननं, म्हणजे पेन धरलेल्या यंत्रानं केलेल्या सहीत रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दाबाची असते. माणूस सही करताना टोकाला हात उचलतो, तिथं रेघ बारीक होत जाते. आणि दुकानात मिळणाऱ्या बॅटवर खेळाडूची जी सही असते ती छापलेली असते. गेल्या दिवाळीत आपल्यातल्या एकानं मला तसल्या बॅटचा फोटो पाठवून "गावसकरची ओरिजिनल" असं लिहिलं होतं. त्याचं नाव मी घेणार नाही, तो तिसऱ्या रांगेत बसला आहे.

माझ्या क्षेत्रातले लोक म्हणतात, ब्लॉकचेनवर नोंद करा, म्हणजे प्रश्न मिटला. २०२१ मध्ये खेळाडूंच्या डिजिटल सह्या, डिजिटल कार्डं विकत घ्यायची लाट आली होती, ती कुठं गेली ते तुम्हीच बघितलं. मी या तंत्राला नावं ठेवत नाही, कारण एकदा केलेली नोंद पुढं कुणी बदलू शकणार नाही, एवढं ते चोख करतं. पण सातबाऱ्यावर पहिली नोंदच खोटी पडली असेल तर नंतरचे सगळे फेरफार खरे असून काय करायचे? पहिली नोंद माणसालाच करावी लागते, ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्या माणसाला.

आणि ती माणसं कमी होत चालली आहेत. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर, दादू चौगुले. आपण लहानपणी ही नावं घरातल्या माणसांसारखी ऐकली. खासबागेत कुस्ती असली की गल्ली ओस पडायची आणि संध्याकाळी वडीलमंडळी पट कसा काढला ते बैठकीच्या खोलीत करून दाखवायची, आई कप-बश्या उचलून आत न्यायची. आंदळकर २०१८ मध्ये गेले, दादू चौगुले २०१९ मध्ये, खंचनाळे २०२० मध्ये. लागोपाठच्या तीन वर्षांत आपल्या मातीतली एवढी मोठी माणसं गेली. त्यांच्या सह्या असलेले कागद कुठंतरी आहेत. बक्षीस समारंभाच्या पावत्या, तालमीच्या वर्गणीची पुस्तकं, कुस्तीच्या मैदानाची हँडबिलं. हँडबिलं तर सहीशिवायसुद्धा जपण्यासारखी आहेत, कारण ती दुसऱ्या दिवशी भेळेला जात असत.

मग कुणी विचारेल, आमच्या नातवंडांना या नावांचं काय? हा प्रश्न बरोबर आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सह्या विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या लहानपणाचा नायक विकत घेत असतो. ती पिढी संपली की मागणी उतरते. पोस्टाच्या तिकिटांचं तेच झालं. आपल्या शाळेत तिकिटांसाठी मारामाऱ्या व्हायच्या, आज ते अल्बम कुणी फुकट घेत नाही. म्हणून आपल्या लहानपणीच्या साध्या क्रिकेटपटूंच्या सह्यांना पुढं भाव येईल असं मला वाटत नाही. टिकतील ती फक्त अशी नावं, ज्यांची गोष्ट खेळ न बघितलेल्या माणसालाही सांगता येते. ४४३ वर अडकलेल्या माणसाची गोष्ट सांगता येते. घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्याची सांगता येते.

आजच्या नावांबद्दल विचाराल तर मी नेमबाजांकडं बघते. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेऊन आला. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा खेळाडू, आणि तोही आपल्याच जिल्ह्याचा. पण मुलं भेटली की काय करतात? सेल्फी काढतात. सेल्फी फोनबरोबर जातो. त्यामुळे या पिढीच्या हातानं केलेल्या सह्या मागच्या पिढीपेक्षा कमी राहणार आहेत. तुमच्या मुलीला कुणी खेळाडू भेटला तर सेल्फी काढू दे, पण त्या स्पर्धेच्या कार्यक्रमपत्रिकेवर सहीही घेऊ दे, आणि घरी आल्यावर मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख, ठिकाण लिहायला लावा. त्यातही मुलींच्या सह्यांकडं आज बाजार ढुंकून बघत नाही. मला तरी हे फार दिवस टिकेल असं वाटत नाही.

आता ज्या वहीमुळं मी हा विषय घेतला तिच्याबद्दल. आपल्या वर्गातली एक मैत्रीण, नाव सांगू नको म्हणाली आहे. तिचे वडील स्थानिक सामन्यांना स्कोअरर म्हणून बसायचे. ते गेल्यावर कपाटात सहीवही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची, साठेक पानांची. त्यात निंबाळकर आहेत, दोन-तीन रणजी खेळाडू आहेत, तीन पैलवान आहेत, आणि पाच-सहा सह्या कुणालाच लागत नव्हत्या. भावंडं तीन. ही इथं, भाऊ पुण्यात, बहीण न्यू जर्सीत. कुणाचं कुणाशी वाकडं नाही, पण वही एक आणि वारस तीन. भावानं सुचवलं की पानं सुटी करून वाटून घेऊ. प्रत्येकाला वीस. धाकटीनं निंबाळकर मागितले. एका व्यापाऱ्यानंही तेच सांगितलं, की निवडक पानं फाडून द्या, बाकीची वही तुम्हाला ठेवा. त्यानं देऊ केलेली रक्कम तिघांत वाटली तर एकेक बऱ्यापैकी मोबाइलसुद्धा आला नसता.

तिनं मला रात्री दहाला फोन केला, "सांग, फाडू का?" मी म्हटलं, आधी वहीचं प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठव. पान चाळताना लक्षात आलं की तिच्या वडिलांनी प्रत्येक सहीखाली बारीक अक्षरात तारीख, सामना आणि त्या दिवशीचं काहीतरी लिहिलं आहे. निंबाळकरांच्या पानावर होतं, की पावसामुळं खेळ थांबला, मंडपात चहा झाला, साहेबांनी दोनदा साखर मागितली. स्कोअररचं अक्षर, सगळ्या पानांवर एकसारखं, एकाच शाईची पानं ओळीनं. यापेक्षा चोख सातबारा कुठला असतो? एक पान फाडलं की हा पुरावा गेला. ते पान सुटी सही झालं आणि उरलेली वही दात पडलेल्या तोंडासारखी झाली. बाजारभावानं बघितलं तरी अख्खी वही तिच्या तुकड्यांच्या बेरजेपेक्षा जास्त किमतीची आहे. आणि मुलीच्या भावानं बघितलं तर त्यात बापाचं अक्षर आहे. हे मी तिला सांगितलं नाही. तिला दिसत होतं.

न लागलेल्या सह्यांचं काय झालं तेही सांगते. मी त्यांचे फोटो आपल्या पी.टी.च्या सरांना पाठवले. सर आज चौऱ्याऐंशीचे आहेत, समोर बसले आहेत. पाच मिनिटांत फोन आला. "अगं, हा तर आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला बक्षिसं द्यायला आलेला. गंगावेशीतला. खुर्चीत मावेना म्हणून आपण बाकडं आणून दिलं." सहापैकी चार सह्या सरांनी लावून दिल्या. त्या पैलवानाचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. सरांनी सांगितलं नसतं तर ती सही कायमची नुसती वळवळ राहिली असती.

तिघा भावंडांचं अजून ठरलेलं नाही. वही सध्या हिच्याकडं आहे, तिघांकडं सगळ्या पानांच्या छापील प्रती आहेत. धाकटी म्हणते, मूळ वही वर्षभर माझ्याकडं राहू दे. इथं एक गोष्ट परदेशात असलेल्या सगळ्यांसाठी सांगते. आपल्याकडं १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. ऐतिहासिक मोल असलेला हस्तलिखित कागद पंचाहत्तर वर्षांचा झाला की तो पुरावस्तू ठरू शकतो, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९४८ चा कागद त्या वयात केव्हाच पोचला. बॅगेत टाकण्याआधी वकिलाला विचारा.

कागद सांभाळायचे कसे हे थोडक्यात. लॅमिनेशन करू नका. ते गरम करून चिकटवतात आणि परत निघत नाही. मेजवानीचं निमंत्रण असल्यासारखं पिवळं पडून आत तसंच राहतं. चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग जात नाही. शाईच्या पेनची सही पाण्यात पसरते, बॉलपेनची पाण्यात टिकते पण उन्हात उडते, म्हणून फ्रेम करून दिवाणखान्यात खिडकीसमोर लावणं सगळ्यात वाईट. स्वस्त मऊ प्लॅस्टिकची पाकिटं आपल्या पावसाळ्यात शाईला चिकटतात. आम्लविरहित कागदाची पाकिटं मिळतात, ती घ्या, आणि लोखंडी कपाटात वरच्या मजल्यावर ठेवा. वरच्या मजल्यावर का, हे २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पंचगंगा आली त्यांना सांगायला नको. पुरात भिजलेला कागद असेल तर उन्हात टाकू नका, इस्त्री तर मुळीच नको. टीपकागद घालून सावलीत, पंख्याखाली.

अस्पष्ट सही गिरवून ठळक करणारी मंडळी प्रत्येक घरात असतात. त्यांच्यापासून वही लपवा.

उद्या सकाळी दहा ते बारा मी चित्रकलेच्या वर्गात बसणार आहे. सोबत भिंग आहे, फोटो काढायला स्टँड लावलेला कॅमेरा आहे, आणि गुजरीतला आपला मित्र त्याचा चांगला दिवा आणतो म्हणाला आहे. ज्यांच्या घरात वही, पोस्टकार्ड, प्रमाणपत्र, हँडबिल काही असेल त्यांनी घेऊन या. किंमत मी सांगणार नाही, नोंद करून देईन. सर आणि बाई येणार आहेत, त्यांच्यासाठी खुर्च्या पहिल्या ओळीत ठेवा. आणि आई-वडिलांपैकी कुणी असेल आणि गाडीतून येण्याजोगं असेल तर त्यांनाही आणा, कागद नसला तरी चालेल. लॅमिनेशन केलेलं असेल तरी लाजू नका, आणा.